ओडेसामावशीकडे

शनिवारी सकाळी साडेनऊला दाराची बेल वाजायला लागली आणि थांबेचना. वर्नेल टॉलिव्हर तेव्हा स्वयंपाकघरात गोळ्यांच्या डबीतलं शनिवारचं झाकण उघडत होती. अडुसष्ट वर्षांच्या बाईला दारापर्यंत पोचायला वेळ लागतो, एवढी साधी गोष्ट बेल वाजवणाऱ्याला कळू नये याचा तिला राग आला. चार शब्द सुनवायचेच असं ठरवून तिने दार उघडलं, तर समोर इमानी.

इमानी म्हणजे तिची एकुलती नात, मुलीची मुलगी, वीस वर्षांची. फिलाडेल्फियाच्या कॉलेजात शिकत होती आणि आत्ता तिथेच असायला हवी होती. पाठीवर सॅक, ऑक्टोबरच्या गारठ्यात अंगात पातळ जाकीट, डोळे लखलखीत. पण वर्नेलची नजर आधी गेली ती केसांवर. एका बाजूचे केस दबून त्यांची पार गादी झाली होती. आठवडा-दोन आठवडे त्यात कंगवा गेलेला नव्हता. टॉलिव्हरांच्या घरातली मुलगी असे केस घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नाही, आणि ही दोन बस बदलून जर्सी सिटीला आली होती.

"नॅना, मी ओडेसामावशीकडे चाललेय," इमानी आत शिरता शिरता म्हणाली. "चार वाजताची बस आहे, तिकीट काढलंय, अटलांटापर्यंत, पुढचं तू सांग. पत्ता दे. मला तिथे पाच आठवडे राहायचंय, तू राहायचीस तसं. तू तिथून बरी होऊन यायचीस, मी आठ वर्षांची होते पण मला सगळं आठवतं, ते निळं छत, तो लंगडा कोंबडा. मला झोप लागत नाही नॅना, आज पाचवा दिवस, पण मी दमलेली नाही, उलट मला इतकं काय काय सुचतंय! तिथे गेले की लागेल झोप. खायला काय आहे? नको. पत्ता दे."

वर्नेल खुर्चीत बसली. ओडेसामावशी, वर्नेलच्या आईची बहीण, जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती. तिचं घरही पाडलं होतं आणि त्या जागेवर आता पेट्रोल पंप होता. चारच्या बसने ही पोरगी गेली, तर उद्या जॉर्जियातल्या एका पेट्रोल पंपावर एकटी उभी राहणार होती, सहा दिवसांची न झोपलेली. आणि तिला तिथे पाठवणारी वर्नेलच ठरणार होती. त्या घराचा एकेक खिळा तिनेच या पोरीच्या डोक्यात ठोकला होता.

हे कसं झालं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. मागे जायला वर्नेलला कधीच जड जात नसे.

घर होतं. ते काही खोटं नव्हतं. वर्नेलचे आईवडील जॉर्जिया सोडून उत्तरेत आले होते, पण उन्हाळ्याची सुट्टी लागली की पोरांना तिकडे मावशीकडे, आजीकडे धाडायची पद्धत त्या वेळी जर्सी सिटीतल्या कितीतरी ब्लॅक घरांत होती. तिची आई रोझेटा आदल्या दिवशी कोंबडी तळायची, अंडी उकडायची, केकचे जाड काप करायची आणि सगळं बुटांच्या खोक्यात नीट रचून द्यायची. वाटेतल्या हॉटेलांत ब्लॅक माणसांना टेबल मिळत नसे, म्हणून ते खोकं. लहान वर्नेलला हे कारण पुष्कळ वर्षं ठाऊकच नव्हतं. तिला वाटायचं, प्रवास म्हणजे खोक्यातली कोंबडी. अजूनही नव्या बुटांचं खोकं उघडलं की तिला भूक लागते.

मावशीच्या ओसरीचं छत निळं रंगवलेलं होतं. भुतांना ते पाणी वाटतं आणि ती घरात येत नाहीत, असं मावशी सांगायची आणि सांगताना स्वतःच हसायची. अंगणात पेकनची दोन मोठी झाडं होती. पेकन म्हणजे अक्रोडाचाच भाऊबंद, पण लांबट आणि गोड. लंगड्या कोंबड्याचं नाव डीकन होतं, कारण चर्चमधले वडीलधारे डीकन असेच छाती काढून चालत. संध्याकाळी मावशी पायरीवर बसायची, वर्नेलला खालच्या पायरीवर आपल्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसवायची आणि वेण्या घालायला घ्यायची. कंगव्याच्या टोकाने भांग पाडायचा, बोटावर केसांचं मलम घेऊन त्या भांगात चोळायचं, मग वेणी. "मान हलवू नको. कान दुमडून धर." वर्नेल कान धरायची. मावशीचे भांग फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ निघायचे. त्या गुडघ्यांच्या मध्ये बसून तिला जितकं सुरक्षित वाटलं, तितकं पुढे आयुष्यात फारसं कधी वाटलं नाही.

एका उन्हाळ्यात, वर्नेल दहा वर्षांची असताना, ती जॉर्जियाला पोचली तर मावशीच नव्हती. शेजारच्या हेस्टरआजी सांभाळायला येऊन राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, ओडेसा हिवाळ्यातच शिकागोला गेलीय, कामाला. मावशीचा जाड तपकिरी कोट दाराआडच्या खुंटीवर होता. वर्नेल रोज दुपारी तो काढून पलंगावर पसरायची आणि त्यावर झोपायची, कारण त्याला मावशीचा वास होता. पुढच्या वर्षी मावशी घरी होती, पण तिचे हात थरथरत आणि भांग वाकडे निघत. शिकागोत काम फार असतं, असं कुणीतरी म्हणालं आणि विषय संपला.

मग आलं १९८४ साल. वर्नेल अठ्ठावीस वर्षांची होती, शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला, पाच वर्षांची लेक डेनिस पदरात, नवरा निघून गेलेला. त्या मार्चमध्ये तिची झोप उडाली. नऊ दिवस. तिने कँटीनसाठी नवा मेनू लिहिला, मग सगळ्या शहरासाठी लिहिला, मग भर रस्त्यात उभी राहून तो वाचून दाखवायला लागली. हॉस्पिटलात नेलं तेव्हाही ती मोठमोठ्याने बोलतच होती. मोठ्याने बोलणाऱ्या ब्लॅक बाईचं डॉक्टर पुरतं ऐकून घेत नसत, आधी दोन रखवालदार बोलावत. त्या काळी म्हणावं तर आजही काही फार वेगळं नाही. तिच्या कागदावर भलत्याच आजाराचं नाव लिहिलं गेलं. बरोबर नाव, बायपोलर, मिळायला पुढे सात वर्षं लागली. वॉर्डात कंगवा काढून घेतला होता, मलम मागितलं तर कुणाला ते काय असतं हेच कळेना. दहा दिवसांत केसांचा गुंता झाला, तेव्हा नर्सने तक्त्यावर लिहिलं, 'पेशंट स्वतःची निगा राखत नाही.' वर्नेलने ते समोरून उलट्या अक्षरांत वाचलं. आजाराने आलं नव्हतं एवढं रडू तिला त्या एका ओळीने आलं.

रविवारी रोझेटा आली. डोक्यावर चर्चची टोपी, हातात हातमोजे, पर्समध्ये रुंद दातांचा कंगवा आणि मलमाची डबी. तिने एकही प्रश्न विचारला नाही. भेटायच्या खोलीत खुर्चीवर बसली, लेकीला खाली जमिनीवर बसवलं आणि दोन तास तो गुंता सोडवत राहिली, टोकाकडून वर वर, एकदाही हिसका न देता. उठताना एवढंच म्हणाली, "आपल्यातल्या बायका आजारी पडत नाहीत, वर्नेल. दमतात. चर्चमध्ये मी सांगितलंय, तू ओडेसामावशीकडे गेलीयस. तिला बरं नाही, तू तिचं करतेयस."

"मावशी जाऊन पाच वर्षं झाली, ममा."

"चर्चला काय ठाऊक?"

घरी आणताना रोझेटाने कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटातून दोन किलो पेकन घेतले, साध्या कागदी पिशवीत ओतले आणि वर्नेलला शेजारीपाजारी वाटायला लावले. गावाहून आणलेत म्हणून. समोरच राहणारी, वर्नेलची चर्चमधली मैत्रीण सिस्टर अर्लीन दोन तोंडात टाकून म्हणाली, "गावच्या पेकनची चवच वेगळी!" चर्चमध्ये सगळ्याच बायका एकमेकींना सिस्टर म्हणतात, पण अर्लीनचं म्हणणं खरंच बहिणीचं असायचं.

त्यानंतर आणखी तीनदा मावशीचं दुखणं उलटलं. तीनदा पेकन वाटले गेले. वॉर्डात कुणी भेटायला आलं नाही, कारण कुणाला सांगितलंच नव्हतं. रोझेटा होती तोवर दर रविवारी यायची, कंगवा घेऊन. २०१२ साली रोझेटा नव्हती. डेनिसला सगळं ठाऊक होतं, पण तोंडाला कुलूप लावायचं ती आजीकडूनच शिकली होती. नोकरी आणि पोर सांभाळून दोनदा उभ्याउभ्या येऊन गेली, तेवढंच. त्या पाच आठवड्यांनी वर्नेल घरी आली तेव्हा आठ वर्षांची इमानी तिला बिलगून म्हणाली, "तिथे काय काय होतं, सांग ना." वॉर्डातलं सांगण्यासारखं काय होतं? म्हणून वर्नेलने १९६४ सालचं सांगितलं. निळं छत सांगितलं, डीकन सांगितला, पेकनच्या झाडाखाली सांडलेली सावली सांगितली. पोरगी रोज झोपताना मागायची आणि वर्नेल रोज सांगायची. सांगता सांगता तिलाच वाटायला लागलं की आपण खरंच तिथे जाऊन आलो. या खोट्यात आठवणच इतकी होती की ते कधी खुपलं नाही. पुढे डेनिसला टेक्सासमधल्या प्लेनोला नोकरी लागली, इमानीही तिकडे गेली, पण फोनवरसुद्धा विचारायची, "नॅना, डीकन अजून आहे?" बिचारा कोंबडा मरून साठ वर्षं होत आली होती.

स्वयंपाकघरात इमानी कपाटं उघडत होती आणि बंद करत होती. बोलणं सुरूच होतं. वर्नेलने सॅकच्या बाहेरच्या कप्प्यातून डोकावणारी गोळ्यांची बाटली काढून हातात घेतली. चष्मा लावून नाव वाचलं.

"हे कुणी दिलं?"

"कॉलेजच्या डॉक्टरांनी. सप्टेंबरमध्ये. मला तेव्हा बिछान्यातून उठवतच नव्हतं, नॅना. आता बघ कशी आहे! त्यांनी फॉर्म दिलेला, घरात कुणाला मानसिक आजार आहे का. मी लिहिलं, नाही. आपल्याकडे कुणालाच नाही ना. आपल्याकडच्या बायका दमतात फक्त."

१९९१ साली तिलाही अशाच गोळ्या दिल्या होत्या आणि दोन आठवड्यांत ती छपरावर जाऊन भाषण करत होती. हॉस्पिटलातल्या म्हाताऱ्या डॉक्टरणीने मग समजावलं होतं, बायपोलर असलेल्या माणसाला नुसतं उदासीचं औषध दिलं तर मन कधीकधी उलट दिशेला उधळतं. म्हणून घरात कुणाला असेल तर आधी सांगायचं असतं. वर्नेलने ते नीट ऐकलं होतं, लक्षात ठेवलं होतं आणि कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नव्हतं. कॉलेजच्या डॉक्टरला दोष देण्यात अर्थ नव्हता. पोरीने खरं उत्तर लिहिलं होतं, तिला ठाऊक होतं तेवढं.

वर्नेलने आतल्या खोलीत जाऊन खालच्या मजल्यावरच्या सुनेत्राला फोन लावला. सुनेत्रा नागपूरची, बँकेच्या आयटीत, नवरा शैलेंद्रबरोबर तेरा वर्षांपूर्वी या इमारतीत आली. तिची मुलगी केया शाळेतून आली की दोन तास वर्नेलकडे असायची, आणि त्या बदल्यात वर्नेलचं सगळं येणंजाणं सुनेत्राच्या गाडीतून.

"मिस वर्नेल, नाइन-वन-वन कॉल करू का?" सगळं ऐकून सुनेत्राने विचारलं.

"नको. ॲम्ब्युलन्सच्या आधी पोलिसांची गाडी येते, सुनेत्रा. वीस वर्षांची ब्लॅक पोरगी मोठ्याने बोलतेय, ऐकत नाहीये, एवढंच त्यांना दिसेल. तू गाडी काढशील?"

"आत्ता काढते. केयाचा डान्स क्लास शैलेंद्र बघेल. तुम्ही फक्त हाक मारा."

पण आधी इमानी आपल्या पायांनी गाडीत बसायला हवी होती. ढकलून नेलं तर काय होतं ते वर्नेलला माहीत होतं. तिने खणातून रोझेटाचा कंगवा काढला, मलमाची डबी काढली, पाण्याची बाटली घेतली आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसली.

"ये. मावशीकडे जायचंय ना? हे असे केस घेऊन?"

इमानी एक क्षण उभी राहिली. मग लहानपणापासून बसत आली तशी खाली बसली, वर्नेलच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. वर्नेलने पाणी मारून, मलम चोळून टोकाकडून गुंता सोडवायला घेतला. पोरीचं बोलणं थांबलं नाही, पण खांदे जरा खाली आले. पाऊण तासाने पहिला भांग पाडला. वर्नेलचे हात कापत होते. गेली कित्येक वर्षं कापतात, तिच्या औषधाने तसं होतं. भांग वाकडा निघाला.

"इमानी, ओडेसामावशी नाहीये."

"कुठे गेलीय?"

"एकोणऐंशी साली वारली. तुझी आई जन्मली त्या वर्षी. घरही नाही उरलं."

इमानीचं बोलणं एकदम बंद झालं. "मग तू कुठे जायचीस?"

"हॉस्पिटलात. इथून बसने वीस मिनिटं, चौथा मजला. मला बायपोलर आहे, बाळा. चाळीस वर्षं झाली. आत्ता तू आलीस तेव्हा मी त्याच्याच गोळ्या घेत होते."

इमानी ताडकन उठली. अर्धं डोकं मोकळं, अर्ध्याचा एक वाकडा भांग. "तू मला खोटं सांगितलंस? मी सप्टेंबरभर रडत होते तेव्हा रोज तेच डोळ्यासमोर आणत होते, नॅना! ती ओसरी! मला वाटायचं, एक जागा आहे, आपल्या बायकांसाठी एक जागा आहे, तिथे गेलं की बरं होतं!" ती खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. दारापर्यंत गेली, परत आली. सॅक उचलली, ठेवली. वर्नेल बसून राहिली. उठून धरावं असं हातांना फार वाटत होतं, पण ती उठली नाही.

येरझाऱ्या घालता घालता इमानी मध्येच थांबली. आजाराने तिचं डोकं पळत होतं, पण ते मुळात तल्लख होतं. "आणि मावशी शिकागोला गेली होती, ते?"

"ते खरं आहे. ते मी दहा वर्षांची असताना."

"तू तिच्या कोटावर झोपायचीस."

"हो."

"हिवाळ्यात गेली होती ना? हिवाळ्यात शिकागोला कोण जातं कोट खुंटीवर ठेवून?"

अठ्ठावन्न वर्षं. त्या कोटाचा वास, त्याचं फाटलेलं अस्तर, त्याची दोन निरनिराळी बटणं, सगळं तिने जिवापाड जपलं होतं, शेकडो वेळा सांगितलं होतं, आणि हा साधा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. मावशीचे थरथरणारे हात. वाकडे भांग. तिने आपल्या मांडीवर ठेवलेल्या हातांकडे पाहिलं आणि तिला रडू कोसळलं. मावशीसाठी रडली, आईसाठी रडली. रोझेटाने लेकीसाठी ते खोटं रचलं तेव्हा ते नवं नव्हतं, बहिणीच्या वेळचं वापरलेलंच होतं. गावाचं नाव तेवढं बदललं.

इमानी येऊन पुन्हा खाली बसली, आपणहून. म्हणाली, "मग मला काय झालंय?"

"ते डॉक्टर सांगतील. पण मला झालं तेच असेल तर त्याला नाव आहे, औषध आहे आणि त्यातून परत येता येतं. मी चारदा आलेय."

"तिथे निळं छत आहे?"

"पांढरं आहे. ओलीचे डाग पडलेलं. जेवण तर विचारूच नको, मी एकतीस वर्षं कँटीनमध्ये काढली, मला ते बघवत नसे. पण झोप लागते."

इमानी हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. "तू येशील?"

"दर रविवारी. आता मान हलवू नको. कान दुमडून धर."

आठ वेण्या झाल्या. आठही भांग वाकडे होते. दोन वाजता वर्नेलने सुनेत्राला हाक मारली.

गाडीत इमानीच्या बोलण्याला पुन्हा वेग आला. सुनेत्रा समोर बघून गाडी चालवत होती, मध्ये मध्ये "हो का?" म्हणत होती. सिग्नलला थांबल्यावर ती वर्नेलला हळूच म्हणाली, "आमच्याकडे हवापालट म्हणायचे, मिस वर्नेल. माझी काकू दर दोन वर्षांनी हवापालटाला पाचगणीला जायची. येताना आम्हा मुलांना स्ट्रॉबेरीचा जॅम आणायची. मी तिशीची झाले तेव्हा कळलं, काकूने पाचगणी बघितलेलीच नाही."

"जॅम कुठला होता मग?"

"नागपूरच्याच दुकानातला असणार."

वर्नेलने सुनेत्राच्या हातावर हात ठेवला. तेरा वर्षं या दोघी एकमेकींच्या घरचं मीठसाखर वापरत होत्या आणि हे बोलायला आजचा दिवस लागला.

हॉस्पिटलात चौथा मजला आता रंगवलेला होता, पण लिफ्टचा आवाज तोच होता. तरुण नर्स कॉम्प्युटरवर एकेक प्रश्न विचारत होती. नाव, वय, झोप, औषधं. वर्नेलने बाटली काढून पुढे ठेवली. मग प्रश्न आला, "कुटुंबात कुणाला मानसिक आजार?"

'नाही' हा शब्द वर्नेलच्या जिभेवर तयारच होता. चाळीस वर्षांची सवय, तो आपोआप येतो. शेजारी इमानी तिच्याकडे बघत होती.

"आहे," वर्नेल म्हणाली. "मला. मी हिच्या आईची आई. बायपोलर. इथेच चारदा राहिलेय, तुमच्याकडे कागद असतील. आणि माझी सख्खी मावशी, ओडेसा. तिच्या आजाराचं नाव आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण तीही लिहा. माझ्या आईने कधी कुणाला काही कळू दिलं नाही, तेव्हा तिचं मला माहीत नाही." नर्स टाइप करत राहिली. वर्नेल थोडी पुढे झुकली. "आणखी एक. हिचे केस आज मी विंचरलेत. सुटले तर उद्या मी येऊन पुन्हा घालीन. तोवर त्याबद्दल कागदावर काही लिहू नका."

नर्सने मान वर करून इमानीच्या वेण्यांकडे पाहिलं. "भेटीच्या वेळी कंगवा आणा," ती म्हणाली. "जाताना आठवणीने परत न्या."

आतल्या दाराशी इमानी थांबली. "नॅना, चर्चमध्ये काय सांगशील? मी कुठे गेले म्हणून?"

"हॉस्पिटलात आहेस म्हणून सांगेन."

"आणि पेकन?"

"पेकन नाही वाटायचे या वेळी."

परतताना गाडीतल्या घड्याळात चारला पाच मिनिटं होती. बस लागली असेल, वर्नेलच्या मनात आलं. तिने डेनिसला फोन करून सगळं सांगितलं. डेनिस रडली, मग रात्रीच्या विमानाने येते म्हणाली. फोन पर्समध्ये ठेवतेय तोच पुन्हा वाजला. सिस्टर अर्लीन.

"सकाळी खिडकीतून बघितलं मी. तुझी नात आलीय ना? उद्या चर्चला आण तिला. आणि मग दुपारी गाडीतून कुठे गेलात सगळे?"

सुनेत्राने गाडीतली गाणी बंद केली.

"इमानी हॉस्पिटलात आहे, अर्लीन. मनाच्या आजाराच्या वॉर्डात. मला जे आहे तेच तिला असावं." वर्नेलने दम घेतला. "मी जॉर्जियाला जात नव्हते. एकदाही नाही. मी त्याच वॉर्डात असायचे."

तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"ते पेकन आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातले होते," अर्लीन म्हणाली. "माझं अख्खं लहानपण पेकनच्या झाडाखाली गेलंय, वर्नेल. मला पहिल्याच घासाला कळलं होतं. तू सांगशील म्हणून वाट बघत राहिले. तशीच यायला हवी होती मी तेव्हा, तू न सांगताच."

वर्नेलने पर्समधून रुमाल काढला.

"भेटायची वेळ किती ते किती आहे?"

"दोन ते चार."

"मग चर्च सुटलं की परस्पर जाऊ. कंगवा मी आणू?"

"कंगवा आहे माझ्याकडे," वर्नेल म्हणाली. "तू ये फक्त. भांग तू पाड, माझे वाकडे निघतात."